कॅम्प चारमधील एक तास

श्रावणी सोमवार आणि आमच्या काकूंचा हट्ट, या दोहोंपुढे मोटारीच्या दुखण्याचा काय पाड! अंबरनाथच्या शिवालयाचे दर्शन ठरले होते, तेव्हा आम्ही सकाळीच डोंबिवलीहून निघालो. गेले पंधरा दिवस वेग देताच गाडी गचके खात असे. एका कारखान्यात पेट्रोलचा पंप नवा बसवून झाला होता. पैसे गेले, गचके राहिले.

विठ्ठलवाडी मागे टाकून श्रीराम चौकात वळताना बाजूने मालमोटार आली. मी ॲक्सिलरेटर दाबला, तो गाडी पुढे झेपावण्याऐवजी रस्त्याच्या मधोमध तीनदा अडखळली. समोरच्याने ब्रेक लावला म्हणून निभावले. काकूंच्या मांडीवरील बेलाची पाने सर्व गाडीभर झाली, आणि समोरच्या फलकावरील इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करू लागला.

हा उल्हासनगरचा कॅम्प चार. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधील निर्वासित येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून गावास नवे नाव मिळाले. पण ‘कॅम्प’ हा शब्द काही सुटला नाही. पत्ता सांगताना लोक आजही आकडाच आधी सांगतात.

लालचक्कीच्या अलीकडे एका गाळ्यात वृद्ध सिंधी मिस्त्री भेटले. त्यांनी हत्यारास हात लावण्यापूर्वी प्रश्नच विचारले. उभ्या गाडीतही थरथर होते का? सकाळी थंड इंजिनावर अधिक की तापल्यावर? जोर हळूहळू ओसरतो, की मध्येच हिसका बसतो? वैद्याने नाडी पाहावी तशी ही चौकशी! पेट्रोल कमी पडले तर गाडी दम लागल्यासारखी मंदावते. हिसका बसला तर एखाद्या सिलिंडरात ठिणगी चुकते आहे असा संशय घ्यावा, असे ते म्हणाले. मग गाडी रिकामी चालताना बरी कशी वाटते, असे मी विचारले. वेग देताच सिलिंडरात हवा व पेट्रोल अधिक भरते, दाब वाढतो, आणि तो भेदून ठिणगी पडण्यास अधिक विद्युद्दाब लागतो. दुबळी कॉइल नेमकी तेथेच हात टेकते.

त्यांनी यंत्र जोडले. पडद्यावर आकडा उमटला : पी ०३०२, म्हणजे दुसरा सिलिंडर. तरीही त्यांनी नवा भाग मागविला नाही. दुसऱ्यावरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्यावरची दुसऱ्यावर बसवली, जुनी नोंद पुसली व इंजिन चालवून जोर दिला. आता आकडा आला पी ०३०३. दोष कॉइलबरोबर चालत गेला होता! (हीच अदलाबदल आधीच्या कारखान्यात कोणी केली असती तर पंपाचे पैसे वाचते.) कॉइलच्या रबरी टोपणास बारीक चीर होती, तिच्यातून वीज बाहेरच्या बाहेर धातूकडे पळत होती. प्लगच्या चिनी मातीवर तिच्या वाटेची काळी रेघही उमटली होती. एक कॉइल व एक प्लग बदलला, काम संपले.

पैसे देताना मिस्त्री मला जरा रागावले. दिवा मिचकावत असता गाडी रेटू नये. न जळलेले पेट्रोल धुराड्यातील शुद्धियंत्रात जाऊन पेटते आणि त्या यंत्राचा खर्च दहा कॉइलींहून अधिक येतो. पंधरा दिवस मी तेच करीत होतो, हे मी त्यांना सांगितले नाही.

शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चे ते शिलाहारकालीन देवालय आम्ही दुपारी गाठले. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावे लागते. काकू माझा हात धरून सावकाश उतरल्या. परतताना कॅम्प चारमध्ये गाडी थांबवावयास लावून त्यांनी मिस्त्रींच्या हाती प्रसादाची पुडी दिली.