आधी भिंत, मग खड्डा

मी इंजिनिअर नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहणारा माणूस. मागून आणलेल्या पुस्तकांवर वाढलेला. पण जमिनीखालची भिंत काय असते ते मला ठाऊक आहे. गिरणीनं ब्रेक दिला तेव्हा नागपुरातच एका इमारतीच्या तळघराच्या खड्ड्यात मी राबलो आहे.

खड्डा खणला की बाजूची माती आत यायला बघते. खोली दुप्पट केली की तिचा एकूण रेटा चौपट. पाणी साचलं तर त्याचा रेटा वेगळा. आपली काळी माती तर पावसात फुगते, उन्हात भेगाळते. म्हणून खोल कामाची रीत अशी: आधी भिंत, मग खड्डा. जमिनीत अरुंद, खोल चर खणतात आणि तो बेंटोनाइटच्या गाळानं भरलेला ठेवतात. बेंटोनाइट म्हणजे काळ्या मातीच्याच नात्यातली. भिजली की फुगते. तिचा गाळ चराच्या कडा ढासळू देत नाही. मग सळयांचा पिंजरा खाली सोडायचा आणि नळीनं तळापासून काँक्रीट भरत वर यायचं. गाळ आपसूक वर निघतो. १९५०च्या दशकात इटलीत ही रीत रुजली, मिलानची मेट्रो तिच्यावर झाली. भिंत पक्की झाल्यावर आतली माती काढायची, तीही टेकू देत देत.

आमच्या ठेकेदारानं काय केलं? आधी खड्डा, भिंत मागाहून. पैसा वाचतो ना! पहिल्याच पावसात शेजारच्या वस्तीतल्या एका मावशीच्या घराला तडा गेला. आमच्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं तड्यावर काचेची पट्टी आडवी बसवली, दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की केली. म्हणाला, "काच फुटली त समज, जमीन सरकून रायली." नवव्या दिवशी काच फुटली. मी सुपरवायझरला सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझी हजेरी बंद!

म्हणून दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगचा खड्डा पाहिला तेव्हा पोटात कालवलं. १४ ऑक्टोबर १९५६ला माझा आजा तिथं आपल्या बापाच्या खांद्यावर बसून आला होता. लोक म्हणत होते, स्तूपाला धोका आहे, बोधिवृक्षाला धोका आहे. घरी मी शहाणपण पाजळलं, "आई, भिंत नीट बांधली तर स्तूपाला काही होत नाही."

आई पोळी लाटता लाटता थांबली. "आन नीट बांधली का नाई, हे कोन पायते? तू पायलं, त तुले हाकललं. आन आमाले कोनी इचारलं काय, खनू का म्हनून?"

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

१ जुलै २०२४ला हजारो लोक जमले. आईही होती, मीही होतो. तोडफोड झाली, बांधकामाचं साहित्य पेटलं. माझा हात त्यात नव्हता, पण त्याचा मोठेपणा मी मिरवणार नाही. त्याच दिवशी देवेंद्र फडणवीसांनी विधिमंडळात कामाला स्थगिती जाहीर केली. लोकांची मागणी पुढची होती: खड्डा बुजवा. कुणाला तो नुसता राग वाटला असेल. पण खड्ड्यात राबलेल्याला विचारा. अर्धवट खणलेला उघडा खड्डा, वरून पाऊस, याच्याइतकी वाईट अवस्था दुसरी नाही. काम थांबलं म्हणून मातीचा रेटा थांबत नाही.

परतताना आईनं विचारलं, "त्या बाईच्या घराचं काय झालं रे?"

मला माहीत नव्हतं. हजेरी बंद झाल्यावर मी तिकडे फिरकलोच नव्हतो. दुसऱ्या दिवशी रात्रपाळी संपवून गेलो. इमारत उभी होती, तळघरात गाड्या. मावशीच्या दाराला बाहेरून कुलूप. तड्याच्या एका बाजूला काचेचा तुकडा तसाच चिकटलेला होता. दुसऱ्या बाजूला नुसतं सिमेंट.