जांभळ्या लडीची गोष्ट

चि. ईशा,


तुझ्या पैठणीवर पदराच्या अलीकडे रंगाचा एक किंचित वेगळा पट्टा आहे, आणि साडी एका बाजूने जांभळी, दुसऱ्या बाजूने हिरवी दिसते, अशी तुझी तक्रार. वर 'रंग नॅचरल आहेत ना?' हा प्रश्न. फोनवर सांगितलं असतं तर तू 'हो मावशी, हो मावशी' करून मोकळी झाली असतीस, म्हणून लिहिते.

परवा पैठणीच्या येवल्याला गेले होते. साड्यांच्या शोरूममध्ये न शिरता, विणकरांना रंगवलेलं रेशीम विकणाऱ्या एका दुकानात बसले. दुकान म्हणजे घराची पुढची खोली, आडव्या बांबूंवर टांगलेल्या लड्या आणि एक वजनकाटा. मालक मागच्या पडवीत स्वतः रंगवतात. रेशीम येतं कर्नाटकातून, जर सुरतेहून. कच्चं रेशीम हाताला राठ लागतं, कारण किड्याचा डिंक, म्हणजे सेरिसिन, धाग्यावर तसाच असतो. साबण-सोड्याच्या गरम पाण्यात तो काढला की वजन चौथ्या हिश्शाच्या आसपास घटतं आणि मगच ती चमक दिसते. रेशीम महाग का, हे मला तिथे कळलं.

मग रंग. जवळजवळ उकळत्या पाण्यात पुडीतला रंग आणि थोडं ॲसिड. लडी दांड्यावर अडकवून बुडवायची, आणि सतत फिरवत राहायची, नाहीतर वरचा भाग फिका राहतो. मालकांनी मध्येच चार धागे पिळून, वाळवून, दारात नेऊन नमुन्याशी ताडले. ओला धागा गडद दिसतो, आणि ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात जुळेलच असं नाही. पुन्हा चिमूटभर रंग टाकला. ती चिमूट कुठे लिहिलेली नाही. त्यामुळे आजचा घाणा आणि पुढच्या आठवड्याचा घाणा तंतोतंत सारखे निघत नाहीत. जाणता विणकर साडीपुरतं रेशीम एकदमच नेतो. मध्येच बाणा, म्हणजे आडवा धागा, संपला आणि दुसऱ्या घाण्यातला घ्यावा लागला, की असा पट्टा उमटतो. तुझ्या साडीत बहुधा हेच झालंय.

जांभळं-हिरवं मात्र मुद्दाम आहे बरं का! ताणा, म्हणजे उभा धागा, एका रंगाचा, बाणा दुसऱ्याचा. त्याला धूपछाव म्हणतात. काळी चंद्रकळा तुला आठवत असेल, आजीची. तिच्यात हा खेळ नव्हता, ती निखळ काळी आणि काठ लाल.

आता 'नॅचरल'. नाहीत. पूर्वी नीळ, मंजिष्ठा, हळद असे रंग वापरात होते. या दुकानात सगळे रासायनिक, आणि मालक ते लपवत नाहीत. मला हा प्रामाणिकपणा 'शंभर टक्के नैसर्गिक' लिहिलेल्या चिठ्ठीपेक्षा जास्त आवडला. हळदीचा पिवळा उन्हात किती टिकतो, ते आपल्या हळदीच्या साड्यांवर पाहिलंच आहेस. आणि गंमत म्हणजे या जांभळ्याचं मूळ तुझ्याच शेजारी, लंडनमध्ये आहे. विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा 1856 मध्ये लंडनला कोळशाच्या डांबरापासून क्विनीन करायला गेला आणि हाती आला जांभळा रंग. रेशमावर तो बसला. त्याने कारखाना काढला तो ग्रीनफर्डला, कालव्याच्या काठी. तुझ्या घरापासून बसने जाता येईल. रासायनिक रंगांचा सगळा धंदा तिथून वाढला.

तेव्हा साडी परत पाठवायचा विचार असेल तर सोडून दे. तो पट्टा दोष असेलच तर रंगाऱ्याचा नाही, आणि नेसल्यावर तो निऱ्यांजवळ येतो की खांद्यावर, ते आधी आरशात बघ. घरी धुऊ नकोस, ड्रायक्लीनला दे. मलमलच्या कापडात गुंडाळून ठेव आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदल, नाहीतर जर घडीवर तुटते. ब्लाउजपीस मात्र तिकडे शोधत बसू नकोस, त्याच साडीतला माझ्याकडे आहे, माप पाठव.

तुझी,
मावशी