थंड इंजिनाचा आवाज

जुनी गाडी बघायला जावं ते भल्या सकाळी, मालकाने चावी फिरवण्याआधी. आधी बॉनेटवर हात ठेवावा. पत्रा गार लागला तर पुढचं बोलावं. कोमट लागला तर चहा घेऊन परतावं आणि पुन्हा एखाद्या सकाळी न सांगता यावं. रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनाला काही लपवता येत नाही. ऑइल खाली चेंबरात उतरलेलं असतं आणि झिजलेले भाग कोरडे पडलेले असतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात ते सगळं बोलून टाकतं.

माझं मन बसलं आहे ते एका प्रीमियर पद्मिनीवर. कोल्हापुरात एका निवृत्त गुरुजींच्या परड्यात ती उभी आहे. साईच्या रंगाची, स्टीअरिंगच्या दांड्याला गिअर असलेली. शेजारीपाजारी तिला अजून फियाटच म्हणतात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यात हे 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन वर्षानुवर्षं बनत राहिलं. आमच्या पिढीने मुंबई पाहिली ती याच गाडीच्या मागच्या सीटवरून, काळ्या-पिवळ्या टपाखाली, दादरला एस.टी.तून उतरून मामाच्या घरी जाताना. वीस वर्षांची वयोमर्यादा गाठून 30 ऑक्टोबर 2023 पासून ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. त्या बातमीने मी हळहळलो, आणि गाडी घ्यायची की नाही या प्रश्नाशीही तिचा थेट संबंध आहे. टॅक्सी धावत होत्या तोवर त्यांच्या जिवावर रिंगा, बेअरिंगं, गॅस्केटं बाजारात येत राहिली. आता प्रत्येक सुटा भाग शोधत फिरावं लागणार.

गुरुजींनी काही लपवलं नाही. "चढाला दम लागतो तिला, धूर मारते आणि ऑइल खाते," असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. विकणाऱ्याच्या तोंडून असं ऐकायला मिळणं दुर्मीळ, आणि म्हणूनच मला जास्त सावध व्हावंसं वाटलं. माणसावर विश्वास बसला की इंजिनाकडे कान देणं राहून जातं.

धुराला रंग असतो आणि त्या रंगाला अर्थ असतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. बहुतेकदा कार्बोरेटर साफ करून, नीट लावून भागतं. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबला नाही, तर पाणी सिलिंडरात शिरतंय आणि हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मळी दिसली तर शंका आणखी घट्ट होते. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. चालू करताना निळा भपका येऊन विरला तर व्हॉल्व्हच्या बाजूने ऑइल झिरपतंय. ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागे निळी रेघ धरून राहिली तर रिंगा झिजल्यात. गुरुजींची गाडी रेघ धरत होती.

मी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींना घेऊन गेलो. फाउंड्री, लेथ आणि ग्राइंडिंगच्या आवाजातच त्यांचं आयुष्य गेलं. विहिरींवरची ऑइल इंजिनं बांधता बांधता ते गाड्यांकडे वळले. त्यांनी चारही प्लग काढले, प्लगच्या भोकात गेज बसवला, मला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायला सांगितलं. तीन सिलिंडरांत काटा जवळजवळ सारखा चढला. दुसऱ्यात मागे राहिला. मग त्यांनी त्या सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा स्टार्टर मारायला लावला. काटा वर आला.

"बघा सायेब, ऑइलनं फट बुजली म्हणून दाब धरला. रिंगाच हैत. व्हॉल्व्ह असता तर काटा हलला नसता," मिस्त्री म्हणाले.

त्या क्षणी मला झालेला आनंद कोणाला समजावून सांगू? बिघाड होताच, पण आता त्याला जागा होती, कारण होतं. नुसतं 'इंजिन खराब' हे शब्द माणसाला घाबरवतात. रिंगा म्हटलं की हिशेब मांडता येतो. ब्लॉकला बोअर मारून जाड पिस्टन बसतील, तेवढं मांस उरलं नसेल तर स्लीव्ह घालावी लागेल. क्रँक ग्राइंडिंगला जाईल की नाही ते इंजिन उघडल्यावरच कळणार. त्या अनिश्चिततेची किंमत सौद्यातून वजा झालीच पाहिजे. गाडीवरच्या प्रेमापोटी तीही आपणच भरायला निघालो, तर पुढे त्याच गाडीचा राग येऊ लागतो.

मिस्त्रींनी मग मला गाडीखाली झोपायला लावलं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फ्लोअरचा पत्रा ठोकला, दाराखालच्या पट्ट्या ठोकल्या. आवाज भरीव आला. माझं मत तिथे पक्कं झालं. इंजिन उतरवून पुन्हा बांधता येतं. गंजाने आतून पोखरलेली गाडी कितीही पैसे ओतले तरी उभी राहत नाही. इंजिन सुरेख चालणारी पण पत्रा सडलेली पद्मिनी मी फुकटही घेणार नाही.

कागद तपासले. आरसी बुकातला इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीशी जुळतो. पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं असतं. ते गुरुजींनी चुकवलेलं नाही.

घ्यायचं ठरलं आहे. इसार दिला. इंजिन उद्यमनगरात उतरेल, मिस्त्री बोअर मोजतील, आणि तो आकडा कळल्यावर उरलेली रक्कम ठरेल. गुरुजींनी ते मान्य केलं आहे.