नदीपारचं नार्वे (भाग तिसरा)

शनिवार, २४ ऑगस्ट २०२४

गेल्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी घालताना पाय चिखलानं माखले होते. आज गोव्यात रायबंदरच्या धक्क्यावर दुसऱ्याच फेरीची वाट पाहत उभी आहे. मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रायबंदरहून जायचं तर फेरीबोटीनं. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. लोखंडी फळी धक्क्याला टेकली की आधी स्कूटरी चढतात, मग माणसं. तिवरांचा हिरवा काठ जवळ येईपर्यंत ओल्या मातीचा वास नाकात भरतो, आणि आपण पोचलेलो असतो.

ऑगस्टचा चौथा शनिवार म्हणजे बेटावरच्या पिएदाद गावात बोंदेराचा उत्सव. पोर्तुगीज भाषेत बांदेरा म्हणजे झेंडा. वाड्यावाड्यांत हद्दीवरून तंटे होऊ लागले तेव्हा पोर्तुगीज सरकारनं सीमेवर झेंडे रोवले, आणि ते गावकऱ्यांनी पाडून टाकले, असं इथं सांगतात. आता प्रत्येक वाडा आपला झेंडा मिरवत येतो. मागे बँड, चित्ररथ, आणि पोरांच्या हातात फोटाश. फोटाश म्हणजे बांबूच्या नळीची बंदूक. नळीत छोटी फळं भरून दट्ट्या दाबला की फट्ट आवाज होतो. एक फळ माझ्या खांद्यावर आपटलं. मारणारा पोरगा घाबरला, तर त्याची आजी मला म्हणाली, "लागलें गो बाय? आज कोणीच रागावूंक ना!" ज्या हद्दीवरून भांडणं झाली, तिचाच या माणसांनी खेळ करून ठेवला आहे.

रविवार, २५ ऑगस्ट

पाऊस थांबून थांबून पडतोय. भातखाचरांतून बेटाच्या दुसऱ्या टोकाला, नार्व्याला गेले. सप्तकोटीश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत. त्यांच्या नाण्यांवर त्याचं नाव कोरलेलं असे. त्याचं मूळ देऊळ इथं होतं. बहमनी काळात ते पडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्यानं पुन्हा उभारलं, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं. लिंग विहिरीवर पाणी ओढण्यासाठी बसवलं होतं आणि भाविकांनी ते रातोरात नदीपार नेलं, असं सांगतात. आज इथं कोटितीर्थाचं तळं उरलंय. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ चढलंय. बराच वेळ मी तिथं बसून होते.

देव पलीकडे गेला, तसं गावाचं नावही गेलं. समोरच्या काठावर, डिचोली तालुक्यात, देव जिथं ठेवला त्या गावालाही नार्वेच म्हणतात.

सोमवार, २६ ऑगस्ट

श्रावणी सोमवार आणि गोकुळाष्टमी एकाच दिवशी. पहाटेच नार्व्याच्या धक्क्यावर पोचले. फेरीबोट माणसांनी भरलेली. पलीकडे, पंचगंगा म्हणतात त्या पाण्याच्या काठावर, स्नानाची गर्दी उसळली होती. कुणी पितरांसाठी तर्पण करत होतं, कुणी लेकराला कडेवर घेऊन बुडी मारत होतं. नाशिकच्या रामकुंडावर लहानाची मोठी झालेली मी; ओंजळीतून पाणी सोडणारे ते हात मला ओळखीचे वाटले. एका आजोबांनी विचारलं, "तुम्ही खंयच्या?" नाशिकची म्हटल्यावर ते म्हणाले, "गोदावरीकडच्या! मग तुम्हांला काय सांगूं?" आणि बाजूला सरकून त्यांनी मला पायरी मोकळी करून दिली.

ओल्या पदरानंच देवळात गेले. दाट झाडीतलं कौलारू देऊळ, समोर दीपस्तंभ, बाहेर काळभैरव. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये याच जागी देवळाचा जीर्णोद्धार केला. गाभाऱ्यात पैलू पाडलेलं लिंग. ते पाहताना कालचं कोटितीर्थ डोळ्यांसमोर आलं. देऊळ पडलं, तरी माणसांनी देव आणि गावाचं नाव, दोन्ही पाठीवर घेऊन नदी ओलांडली. उरलं ते तळं मागे राहिलं.

परतीच्या बोटीत मी कठड्याला टेकून उभी होते. एका काठावर नार्वे, दुसऱ्या काठावरही नार्वे. मध्ये मांडवीचं पाणी, आणि त्यातून दिवसभर ये-जा करणारी ही बोट.

(क्रमशः)