मासा घ्यावा कोणाकडून?

बालमित्रांनो, नाशिकला जायचं म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? रामकुंड, काळाराम मंदिर, द्राक्षं आणि चिवडा! आज मात्र आपण नाशिकला निघालोय ते मासे घ्यायला. खायचे नव्हेत हं, पाळायचे! लाल-पांढऱ्या नक्षीचे कोई मासे. आंब्याच्या कोयीचा इथे काही संबंध नाही बरं का! 'कोई' हा जपानी शब्द आहे आणि त्याचा अर्थ कार्प जातीचा मासा.

दुकानात शिरण्यापूर्वी आपल्याला एक डोंगर चढायचा आहे. "मासे घ्यायचे तर डोंगर कशाला?" असं म्हणाल. आहे, कारण आहे. मासा चांगला की वाईट हे पुष्कळ वेळा तो विकणाऱ्यावर ठरतं. विश्वास कोणावर ठेवायचा हा प्रश्न तसा फार जुना. आणि त्याचं एक छान उत्तर नाशिकच्या दगडात कोरून ठेवलेलं आहे.

शहराच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा महामार्गालगत पांडवलेणी आहेत. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक. तिथून पायऱ्या चढत वर गेलं की डोंगराच्या पोटात कोरलेली २४ लेणी दिसतात. नाव पांडवांचं असलं तरी ही लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली. त्यातल्या दहाव्या लेण्यात जा आणि भिंतीवरची ब्राह्मी अक्षरं पाहा. आपल्याला ती वाचता येत नाहीत, पण जाणकारांनी वाचली आहेत.

सुमारे १९०० वर्षांपूर्वी नहपान नावाचा क्षत्रप राजा इथे राज्य करत होता. त्याचा जावई ऋषभदत्त. त्याने हे लेणं भिक्षूंना दान दिलं आणि त्यांच्या खर्चासाठी ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, बाजूला काढली. पण पैसे भिक्षूंच्या हाती दिले नाहीत. जवळच्या गोवर्धन या गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातल्या लोकांचा संघ. एका श्रेणीकडे २००० ठेवले, दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधीच परत मागायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं.

आता जरा गणित करा. २००० वर महिन्याला २० म्हणजे वर्षाला २४० कार्षापण. लेखात म्हटलंय की पावसाळ्यात इथे राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ द्यावेत. वीस बारे किती? बरोबर २४०! हिशेब चोख.

या लेखातून आपण तीन गोष्टी उचलू या. पहिली, सगळे पैसे एकाच ठिकाणी ठेवले नाहीत. दुसरी, व्यवहार गुपचूप केला नाही. तो नगरसभेत सर्वांना ऐकवला आणि फळ्यावर नोंदवला, असं लेखातच लिहिलं आहे. आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची. पैसे दिले आणि संबंध संपला असं झालं नाही. उलट पैसे दिले तेव्हा संबंध सुरू झाला. खरा व्यापारी आपण पैसे दिल्यानंतरच कळतो, नाही का?

चला, आता खाली उतरू आणि माशांकडे वळू.

जपानच्या निईगाता भागातले शेतकरी भातशेतीजवळच्या तळ्यांत खाण्यासाठी कार्प पाळत. सुमारे २०० वर्षांपूर्वी त्यांच्यात काही रंगीत पिल्लं निघू लागली. शेतकऱ्यांनी ती जपली, पिढ्यान् पिढ्या निवडून वाढवली. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात हे मासे मांडले गेले आणि त्यांचं नाव सगळीकडे झालं. जपानी लोक त्यांना 'निशिकिगोई' म्हणतात. निशिकी म्हणजे नक्षीचं भारी कापड. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याची पैठणी आठवा, म्हणजे हे नाव का पडलं ते कळेल. पांढऱ्या अंगावर लाल ठिपके असले तर कोहाकू. त्यात थोडा काळा रंग आला की सांके. काळ्या अंगावर लाल-पांढरा असला तर शोवा. आणि गंमत म्हणजे आपल्या मासळीबाजारात 'सायप्रिनस' नावाचा जो मासा मिळतो ना, तो या राजबिंड्या कोईचा साधा भाऊ!

दुकानात दिसतं ते बोटाएवढं पिल्लू. चांगल्या तळ्यात ते दोन फुटांपर्यंत वाढतं आणि २५-३० वर्षंसुद्धा जगू शकतं. आज तुम्ही सातवीत असाल तर तुमची मुलं शाळेत जाऊ लागतील तोपर्यंत! म्हणून कोई घेणं हे पेन्सिल घेण्यासारखं नाही. पेन्सिल मोडली तर दुसरी आणता येते. इथे एक जीव पिशवीत घालून आपल्या हाती दिला जातो.

आता दुकानात शिरा. पण आल्या आल्या "काका, केवढ्याला?" असं विचारू नका. दहा मिनिटं नुसतं बघा. एखाद्या टाकीत मेलेला मासा तरंगतोय का? मासे पर अंगाशी आवळून कोपऱ्यात पडलेत का? वर येऊन सारखे हवेसाठी तोंड उघडतायत का? अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, लाल जखमा आहेत का? आणि एक बारीक गोष्ट पाहा. दुकानदार एका टाकीत बुडवलेली जाळी तशीच दुसऱ्या टाकीत घालतो का? घालत असेल, तर एका टाकीतला रोग सगळ्या टाक्यांत जाणार. काही टाक्यांतलं पाणी निळं किंवा पिवळं दिसेल. ते बहुधा औषध असतं. औषध घालणं वाईट नाही, पण त्या टाकीतला मासा आज विकायला काढणं वाईट.

आता दुकानदाराशी बोला. चांगल्या दुकानदाराची एक सोपी खूण सांगतो. तुम्ही त्याला प्रश्न विचारण्याआधी तोच तुम्हाला विचारतो. "बाळ, टाकी केवढी आहे? कधी भरलीस? आत आधीचे मासे आहेत का?" तुम्ही म्हणालात, "काका, टाकी कालच आणली, दोन फुटांची आहे," तर तो म्हणेल, "मग कोई नको. आणि बाकीचे मासेही आजच नकोत. आधी फिल्टर चालू दे. नंतर ये, दोन-चार गप्पी देतो."

तुम्ही हिरमुसाल. पण नीट विचार करा, त्या काकांनी आत्ता हातातलं गिऱ्हाईक परत पाठवलं! का? माशांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. त्याचं कमी घातक पदार्थात रूपांतर करणारे सूक्ष्म जीवाणू फिल्टरमध्ये वाढायला काही आठवडे लागतात. नव्या टाकीत एकदम खूप मासे सोडले तर ते पहिल्या काही दिवसांतच मरायला लागतात. घाईने विकणाऱ्याला हे माहीत असतं. तो म्हणतो, मेले तर दुसरे न्यायला येतील. जो आज 'नाही' म्हणतो, त्याच्याकडेच पुन्हा जा.

मग तुमचे प्रश्न. ते वहीत लिहूनच न्या.

हे मासे दुकानात कधी आले? आपल्याकडचे बरेच शोभेचे मासे तमिळनाडू आणि पश्चिम बंगालमध्ये वाढवले जातात. प्राणवायू भरलेल्या पिशवीतून लांबचा प्रवास करून ते दमलेले असतात. आल्या दिवशीच विकण्याऐवजी जो त्यांना काही दिवस पाहतो, तो बरा. स्वस्तातलं पिल्लू दाखवून कोणी "थेट जपानहून आलंय" म्हणाला, तर मात्र सावध!

खायला घालून दाखवाल का? निरोगी मासा खाण्यावर झडप घालतो.

हा नक्की कोईच आहे ना? इथे तुम्हीच परीक्षक व्हा. कोईच्या तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात. गोल्डफिशला मिशा नसतात. मिशा नाहीत म्हणजे कोई नाही.

आणि शेवटचा प्रश्न: हा मोठा झाला आणि मला ठेवता आला नाही, तर परत घ्याल का? या प्रश्नावर दुकानदार हसण्यावारी नेतो की विचार करून उत्तर देतो, ते पाहा. "माझा एकही मासा मरत नाही," असं म्हणणाऱ्यापेक्षा "हे मला ठाऊक नाही, विचारून सांगतो," म्हणणारा जास्त भरवशाचा. आणि ऋषभदत्ताची पहिली गोष्ट विसरू नका. दोन-तीन दुकानं पाहूनच ठरवा. घेतल्यावर पावती मागा. आपल्याला दगडावर कोरायची गरज नाही, पण तारीख, जात आणि किंमत वहीत टिपून ठेवा.

गावातला दुकानदार ओळखीचा असावा याला आणखी एक कारण आहे. त्याला गावचं पाणी आणि हवा माहीत असते. नाशिकच्या नळाला येणारं पाणी मुख्यतः गंगापूर धरणाचं. ते शुद्ध करताना त्यात क्लोरीन घालतात. आपल्याला ते चांगलं, पण माशांचे कल्ले त्याने जळतात. म्हणून पाणी एक दिवस उघड्या भांड्यात ठेवावं किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन घालवण्याचे थेंब टाकावेत. किती टाकायचे ते काका सांगतील. नाशिकची थंडीही प्रसिद्ध. जवळच्या निफाडचा पारा तर दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात झळकतो! कोई थंडी सोसतो, पण गार पाण्यात त्याचं पचन मंदावतं, म्हणून खाणं कमी करावं लागतं. ही माहिती दूरच्या विक्रेत्याकडून कशी मिळणार?

घरी आल्यावर पिशवी तशीच पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे आतल्या-बाहेरच्या पाण्याची उष्णता सारखी होईल. आधीचे मासे असतील तर नव्याला तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. १९९८ साली कोई माशांचा एक जीवघेणा विषाणू पहिल्यांदा ओळखला गेला. माणसाला त्याचा त्रास नाही, पण वरवर निरोगी दिसणाऱ्या नव्या माशाबरोबर तो येऊन सगळं तळं रिकामं करू शकतो.

आता जरा उलट बाजू. दुकानदार प्रामाणिक हवा, आणि गिऱ्हाईक? मासा आजारी पडला तर "मी काहीच केलं नाही," असं सांगू नका. जास्त खायला घातलं असेल तर तसं सांगा, तरच योग्य उपाय मिळेल. टाकीतलं पाणी स्वच्छ बाटलीत घेऊन जा. रविवारी संध्याकाळी गर्दीत नको, निवांत वेळी जा. आणि मासा छान वाढतोय हेही जाऊन सांगा की! नेहमी तक्रारच घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या गर्दीत असा मुलगा किंवा मुलगी दुकानदार विसरत नाही. पुढच्या वेळी चांगलं पिल्लू आलं की तो तुमच्यासाठी बाजूला ठेवेल.

आई-बाबांनाही दोन शब्द. मुलं मागतात म्हणून वाढदिवसाला अचानक मासे आणू नका. आधी मुलांना घेऊन दुकानात दोन फेऱ्या मारा, एकदा काहीही न घेता परत या. बोलणं मुलांना करू द्या, तुम्ही शेजारी उभे राहा. माणूस कसा पारखावा हे पुस्तकात वाचून येत नाही.

परतताना गोदाघाटावर जाऊ या. ब्रह्मगिरीहून निघालेली गोदावरी इथे संथ वाहते. कधी कधी लोक टाकीत न मावणारे मासे आणून नदीत सोडतात आणि त्यांना वाटतं, आपण त्यांची सुटका केली. तसं कधी करू नका. दुकानातले मासे नदीतले नव्हेत. ते जगले तर इथल्या माशांचं खाणं आणि जागा बळकावतील, शिवाय त्यांचे रोग नदीत पसरतील. मासा मोठा झाला तर तो पिशवीत घ्या आणि ज्या काकांकडून आणला त्यांच्याकडे जा. तुम्ही दोन-तीन वर्षं जाऊन-येऊन ओळख ठेवली असेल, तर ते म्हणतील, "आण इकडे. मोठं तळं असलेलं एक गिऱ्हाईक आहे माझ्याकडे."