बर्फाचीही नोंद हवी

चि. मुक्तास,

अमेरिकेतल्या कायुगा तलावावर एखाद्या हिवाळ्यात दुर्मिळ बदकं जास्त दिसली, म्हणजे त्या वर्षी ती जास्त आली, असं तू लिहिलं आहेस. मला ते पटत नाही. पक्षी किती दिसले हे सांगताना पाणी किती उघडं होतं तेही सांगायला हवं. गोडं पाणी 4 अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. त्याहून गार झालं की ते वरच राहतं आणि तिथंच गोठतं. उथळ जागी तळापर्यंतचं पाणी लवकर निवतं, म्हणून बर्फ आधी तिथं धरतो. कायुगाची टोकं उथळ, तर मधली खोली 130 मीटरच्या वर. टोकं गोठली तरी मधलं पाणी बहुधा उघडं राहतं. बुडी मारून शिंपले खाणाऱ्या बदकांना मात्र उथळ पाणीच सोयीचं. ते गोठलं की ती ओढ्यांच्या मुखाशी आणि बर्फाच्या कडेला दाटीनं जमतात. एरवी लांबवर विखुरलेला थवा मग एका दुर्बिणीच्या टप्प्यात येतो, आणि स्कॉप बदकांच्या गर्दीतलं एखादं शेंडी बदक सापडतं. महाराष्ट्रातल्या जलाशयांवर हिवाळ्यात नेमानं येणारं हे बदक अमेरिकेत दुर्मिळ आहे. पण ते सापडलं याचा अर्थ ते त्याच आठवड्यात आलं असा होत नाही.

बर्फामुळे आकडे कसे फसवतात, याचा 2014 चा हिवाळा हा मोठा पुरावा आहे. त्या मार्चमध्ये उत्तर अमेरिकेतल्या पंचमहासरोवरांचा सुमारे 92 टक्के पृष्ठभाग गोठला. दोनच वर्षांपूर्वी, 2012 मध्ये, हे प्रमाण जेमतेम 13 टक्क्यांपर्यंत गेलं होतं. सरोवरं मिटली तशा लाल मानेच्या टिबुकल्या आणि पांढऱ्या पंखांची स्कोटर बदकं आतल्या भागातल्या नद्यांवर, लहान तळ्यांवर दिसू लागली. नुसत्या याद्या वाचणाऱ्याला ती भरभराट वाटेल. प्रत्यक्षात ते विस्थापन होतं, आणि त्यात कितीतरी पक्षी उपासमारीनं मेले.

तू म्हणशील, गणना दर वर्षी ठरल्या दिवसांतच होते, मग तुलना का करू नये? 1900 पासून चालत आलेली नाताळातली पक्षिगणना 14 डिसेंबर ते 5 जानेवारी या काळात होते. तारखा त्याच असल्या तरी पाणी तेच नसतं, म्हणूनच तिच्या नोंदपत्रात साचलेलं आणि वाहतं पाणी उघडं होतं की गोठलेलं हेही विचारतात. दुसरा आक्षेप असा, की बर्फाचा नजरअंदाज ढोबळच असणार. खरं आहे, पण लांबवरच्या थव्यातली बदकंही आपण अंदाजानंच मोजतो, आणि तो आकडा टाकून देत नाही. तिसरा आक्षेप भावनेचा: अशानं दुर्मिळ पक्ष्याचं मोल कमी होतं का? मुळीच नाही. पक्षी खराच असतो. त्याच्या दिसण्यावरून आपण काय अनुमान काढतो, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून पुढच्या नोंदीत बदकाच्या नावाशेजारी एक ओळ आणखी लिही: पाणी किती उघडं होतं, आणि कुठं. पन्नास वर्षांनी तुझी वही वाचणाऱ्याला त्या ओळीवाचून बदकांची संख्या नीट कळणार नाही.

तुझा,
काका