मिठ्ठूचं घर आणि आमचा जिना

आमच्या घरी मिठ्ठू आहे असं सांगितलं की पाहुणे पोपटाचा पिंजरा शोधू लागतात. मग त्यांना वर न्यावं लागतं. वरच्या व्हरांड्यात शेपटीसकट साडेचार फुटांचा हिरवा प्राणी फांदीवर पसरलेला दिसला की काहीजण जिन्यातूनच परत फिरतात. मिठ्ठू हा इग्वाना आहे, मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलातला. तो हातभर होता आणि पोपटासारखा हिरवागार दिसायचा, तेव्हा आमच्या भाच्याने हे नाव ठेवलं. भाचा पुण्याला शिकायला होता. तिथेच त्याने तो विकत घेतला. पुढे नोकरीसाठी सौदीला जाताना म्हणाला, "खाला, दोन महिने सांभाळा फक्त." त्या दोन महिन्यांना आता चार वर्षं होऊन गेली.

पहिल्याच दिवशी दादींनी निकाल दिला होता, "ये छिपकली इस घर में नहीं रहेगी." पाल मारणं सवाबाचं काम, असं त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या, आणि इथे सून पालीला भोपळ्याचे काप करून घालते! वाद वाढू नये म्हणून आम्ही मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना विचारायला गेलो. त्यांना वाटलं सशाएवढा काहीतरी प्राणी असेल. फोटो पाहून ते जरा मागे सरकले. मग म्हणाले, ही घरातली पाल नाही, हा वेगळाच जीव दिसतो. पण मला एवढं सांगा, याला ठेवलंय कुठे? आम्ही सांगितलं, काचेच्या शोकेसमध्ये. तेव्हा त्यांनी त्या बाईची हदीस सांगितली जिने मांजर कोंडून ठेवलं, स्वतः खायला दिलं नाही आणि जमिनीवरचं किडामुंगी खायला मोकळंही सोडलं नाही, आणि त्यापायी जी अजाबात सापडली. ही हदीस आम्ही मुलांना कितीदा तरी सांगितलेली. त्या दिवशी ती आमच्यासाठी सांगितली जात होती.

घरी येऊन शोकेस पाहिलं. चार फूट लांब, दीड फूट रुंद. मिठ्ठूला वळायचं झालं तर शेपूट काचेला घासायचं. त्याला ऊन मिळावं म्हणून आम्ही ते खिडकीत ठेवलं होतं आणि मनाशी समाधानी होतो. खरं तर आम्ही दोन्हीकडून चुकत होतो. सरड्याच्या जातीला उन्हातले अतिनील किरण लागतात. त्यांच्यामुळे अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि मग कॅल्शियम हाडात मुरतं. हे किरण काच अडवते आणि उष्णता मात्र आत कोंडते. म्हणजे आमचा मिठ्ठू भाजत होता आणि उपाशीही राहत होता. मार्चमधल्या एका दुपारी तो तोंड उघडं टाकून धापा टाकताना दिसला, आणि त्याच आठवड्यात त्याचे मागचे पाय थरथरू लागले. इथल्या गुरांच्या डॉक्टरांनी हात जोडले. पुण्याच्या एका पशुवैद्यांना व्हिडिओ पाठवला. त्यांनी जबडा दाबून बघायला सांगितला. तो मऊ लागला. हाडं ठिसूळ होत आहेत, म्हणाले. औषध देतो, पण आधी घर बदला.

घाईघाईत आम्ही कोंबड्यांच्या जाळीचा खुराडा करून घेतला. चौथ्या दिवशी जाळीत अडकून त्याचं एक नख मुळापासून उपटलं. तो पैसा पाण्यात गेला, याहून जास्त त्याबद्दल लिहायची इच्छा नाही.

मग धुळ्याच्या मामूंना फोन केला. मुलांच्या या मामूंचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ग्रिल, पत्र्याचे शेड करतात. त्यांना माप सांगितलं: सहा फूट उंच, सहा फूट लांब, तीन फूट खोल. इग्वाना झाडावर राहणारा, म्हणून त्याला उंची लागते. मामू म्हणाले, "एवढ्यात तर मी माझा शागीर्द ठेवीन." पण काम मनापासून केलं. एक इंची चौकोनी पाइपची चौकट, त्यावर प्लास्टिकचा थर असलेली अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी, कुठे टोकदार तार राहू नये म्हणून आतून पट्टी. खाली धुता येईल असा ट्रे. दार एकच मोठं न करता वर-खाली दोन, म्हणजे पाणी बदलताना तो वरून निसटणार नाही. रंग लावल्यावर पिंजरा पंधरा दिवस उघड्यावर ठेवायचा, वास पूर्ण जाईपर्यंत, हे आम्ही त्यांना दोनदा बजावलं.

पिकअपमध्ये तो पिंजरा उभा करून आम्ही धुळ्याहून निघालो. पारोळ्याला चहाला थांबलो तर भोवती माणसं. "वाघ आणताय का?" एरंडोलपर्यंत आमचा धाकटा प्रत्येकाला हो म्हणत आला. मेहरूणमधल्या आमच्या गल्लीत गाडी शिरली, चार जणांनी पिंजरा उचलला, आणि जिन्याच्या पहिल्या वळणावर तो अडकला. आम्ही व्हरांडा मोजला होता, दार मोजलं होतं, इग्वाना मोजला होता. जिना मोजलाच नव्हता! दादी ओट्यावर बसून हे सगळं पाहत होत्या. म्हणाल्या, "अल्लाहची मर्जी दिसत नाही." मामू दुसऱ्या दिवशी कटर घेऊन आले, चौकट पाच तुकड्यांत कापली आणि वर नेऊन नट-बोल्टने जोडली. आता वाटतं तेच बरं झालं. पुढे घर बदललं तर पिंजरा खोलून नेता येईल. तुम्ही असं काही करणार असाल तर सुरुवातच नट-बोल्टने करा.

पण खरं काम पिंजऱ्यात नव्हतं, हवेत होतं. परदेशी पुस्तकांतली पानंच्या पानं याला ऊब कशी द्यावी यावर आहेत. आमच्या जळगावात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो! मिठ्ठूला ऊन खायच्या जागी पस्तीस-छत्तीस अंश आवडतं, पण दुसऱ्या टोकाला सव्वीस-सत्तावीसची सावली हवी, म्हणजे तो स्वतःच इकडून तिकडे सरकतो. आणि त्याला जंगलातली दमट हवा लागते, तर आमच्याकडे वाळत घातलेला कपडा अर्ध्या तासात कडक होतो. यावर उत्तर पुस्तकात मिळालं नाही, ठिबकच्या दुकानात मिळालं. जळगाव ही ठिबक सिंचनाची नगरी. पॉलिहाऊसमध्ये लावतात त्या फॉगरचे दोन नोझल आणि छोटा पंप आणला. सकाळ-संध्याकाळ धुकं पडतं. बोअरच्या पाण्याने नोझल क्षार धरून बुजायचे, म्हणून आता गाळलेलं पाणी वापरतो. पश्चिमेकडून केळीवाले शेतकरी वापरतात तसली हिरवी शेडनेट, आणि दुपारी वाळ्याच्या जाळीचा कूलर. सकाळचं नऊ-साडेनऊपर्यंतचं कोवळं ऊन पूर्वेकडून थेट जाळीतून त्याच्या अंगावर येतं; पावसाळ्यासाठी अतिनील किरणांची नळी आहे. ती दिसायला पेटलेलीच राहते, पण किरण कमी होत जातात, म्हणून वर्षाच्या आत बदलावी लागते. थंडीत उलट. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा प्लास्टिकचा पडदा आणि प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर, तोही जाळीच्या बाहेर. पोटाखाली गरम दगड ठेवू नये. भाजेपर्यंत त्याला कळत नाही.

खाण्याचं सोपं निघालं. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, लसूणघास, लाल भोपळा. पालक नको, त्यामुळे कॅल्शियम अडतं. केळीच्या गावात राहूनही त्याला केळं क्वचितच, कारण त्यात कॅल्शियम फार थोडं. अंडी, मांस तर अजिबात नाही. दादींना याचंच आश्चर्य वाटलं होतं, एवढा मोठा जबडा आणि खातो पाला! एक नियम मात्र घरात कडक आहे. पिंजऱ्याला हात लावला की साबणाने हात धुवायचे, कारण या प्राण्यांच्या विष्ठेतून सॅल्मोनेला येतो. भाचीच्या दोन वर्षांच्या लेकराला आम्ही तिकडे फिरकू देत नाही.

मिठ्ठूचा लौकिक पसरला तसा एक गृहस्थ पिशवीत तारांकित कासव घेऊन आले. "तुमच्याकडे सोय आहे, घेऊन टाका." आम्ही हात लावला नाही. आपल्याकडची कासवं, घोरपडी घरात ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. परदेशी प्राण्यांचीही २०२४च्या नियमांनुसार नोंदणी करावी लागते. आम्ही मिठ्ठूची परिवेश पोर्टलवर केली, आणि बरं झालं. गल्लीतल्या कुणीतरी घोरपड पाळल्याची खबर दिली होती. वनविभागाचे कर्मचारी आले, कागद पाहिले, मिठ्ठूचा फोटो काढला आणि चहा घेऊन गेले.

पाय आता थरथरत नाहीत. जबडा घट्ट झाला, पण उजवीकडे थोडा वाकडा राहिला तो राहिलाच. डॉक्टर म्हणाले, तो असाच राहणार. पाला चावताना त्याचं तोंड एका बाजूला जातं, आणि तेवढा वेळ आमच्यापैकी कुणी त्याच्याकडे नीट पाहत नाही.

चांगलं जगला तर इग्वाना पंधरा-वीस वर्षं जगतो. धाकटा पुढच्या वर्षी बारावीला आहे, मग तोही पुण्याला जाईल. भाच्याचा मध्ये फोन आला, मिठ्ठू कसा आहे म्हणून. आम्ही त्याला जबड्याबद्दल सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "खाला, मी विकत घ्यायलाच नको होता." शेजारच्या मुलांनी असाच एक आणायचा म्हटलं की आम्ही त्यांना वर नेतो, पिंजरा दाखवतो, विजेचं बिल दाखवतो, आणि जबडाही दाखवतो.

दादींनी अजून त्याला हात लावलेला नाही. पण असरनंतर त्या व्हरांड्यात तसबीह घेऊन बसतात, आणि वीज गेली की खालून कुणी हाक मारायच्या आधीच त्यांचा आवाज येतो, "अरे, कूलर बंद झाला, पोतं भिजवून आणा कुणीतरी!"